शिवते मी आणि बोलतो नवरा, असं किती दिवस?

या वेळचं पत्र सोलापूरच्या पूर्व भागातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव देत नाही, आणि पत्र चांगलं सहा पानी आहे म्हणून थोडक्यात सांगते.

ताईंचं वय 38, शिक्षण आठवी, घरात तेलुगू बोलतात. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात होते, तिथलं काम कमी झालं तसं ताईंनी एक मशीन घेऊन शिवायला सुरुवात केली. आता घरात तीन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) आहे, शेजारच्या दोन बायका रोज कामाला येतात. युनिफॉर्मच्या एका दुकानासाठी शाळेचे शर्ट शिवतात. कापड आणि बटणं दुकानाची, बाकी कटिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळं यांचं, आणि शर्टामागे 40 रुपये मिळतात. कापड आणणं, माल पोचवणं, दर ठरवणं हे सगळं मिस्टर बघतात. मागच्या सीझनचे 62 हजार दुकानदाराकडं अडकलेत, मिस्टर म्हणतात मागायला गेलो तर पुढचं काम जाईल.

आता ताईंची मुलगी ज्या खाजगी शाळेत शिकते तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी यांचं काम बघून विचारलंय की आमच्या 600 मुलांचे युनिफॉर्म थेट तुम्हीच शिवता का, महिनाअखेरपर्यंत कोटेशन द्या. मिस्टरांना भीती, दुकान तुटेल. सासूबाईंनी आयुष्यभर बिड्या वळल्या, त्या म्हणतात, "बाईमाणसाच्या हाताला काम असावं, डोक्याला ताप नसावा." आणि ताई शेवटी लिहितात, "मला मशीनवर काहीही सांगा, मी करते. पण माणसांपुढं बोलायचं म्हटलं की छातीत धडधडतं. माझ्यासारखीनं एवढी मोठी उडी घ्यावी का, की आहे तेच बरं?"

ताई, पहिल्यांदा एक सांगते. तुमच्या पत्रात "मी फक्त शिवते" हे वाक्य चार ठिकाणी आलंय, आणि त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की दोन बायकांचा पगार एकदाही चुकवला नाही, कुठल्या साइझला किती कापड लागतं ते न बघता सांगता, ओव्हरलॉक बिघडलं तर स्वतः उघडून दुरुस्त करता आणि मे महिन्यात पत्र्याखाली, सोलापूरच्या त्या उन्हात, रात्री अकरापर्यंत कटिंग करता. हे फक्त शिवणं नाहीये ओ, कारखाना चालवणं आहे. छोटा आहे पण कारखाना आहे. फरक एवढाच की त्याचे आकडे कधी कागदावर आले नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून घरात कुणाला तो दिसत नाही, तुम्हालासुद्धा.

म्हणून धीर वगैरे नंतर, आधी हिशोब करू. सगळे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत. दिवसाला तिघी मिळून 30 शर्ट होतात, म्हणजे 1200 रुपये. दोघींना 350 प्रमाणे 700 गेले. दोरा, काजबटणाची मजुरी, लाइट असे शर्टामागे 8 धरले तर 240. राहिले किती? 260. म्हणजे तुमच्याकडं कामाला येणारी बाई 350 घेऊन सहा वाजता घरी जाते आणि मालकीण रात्री अकराला 260 घेऊन आडवी होते, त्यात मशीनची दुरुस्ती धरलेलीच नाही, बिघडलेले पीस धरलेले नाहीत, कटिंगची मजुरी तर तुम्ही कुठंच लावलेली नाही कारण ते काम "घरातलंच" आहे.

आता ते 62 हजार बघा. 40 च्या दरानं ते 1550 शर्ट होतात, 30 च्या वेगानं जवळपास 52 दिवसांचं काम, म्हणजे रविवार सोडून दोन महिने. त्या दोन महिन्यांत बायकांचा पगार आणि दोरा-काज-लाइट तुम्ही खिशातून दिलेच ना, रोजचे 940 प्रमाणे 49 हजाराच्या आसपास होतात. तर दुकानदाराकडं नुसती तुमची मजुरी नाही अडकलेली, तुमची रोकड अडकलीये आणि ती तुम्ही बिनव्याजी वापरायला दिलीये. पैसे मागणं म्हणजे भांडण काढणं असं तुम्हाला वाटतंय, पण हे आकडे एकदा स्वतःच्या अक्षरात लिहून बघा, आवाज आपोआप बदलतो. छातीतली धडधड जाईलच असं नाही, पण धडधडत असतानाही तोंडातून आकडा बरोबर बाहेर पडतो, आणि व्यवहाराला तेवढंच लागतं.

मागायचं कसं ते सांगते, कारण "हिंमत करा" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आत्ता जानेवारी, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आहेत, सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे, आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत दुकानदाराला शिवणाऱ्या हातांची गरज लागणारच आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल त्याच्या कपाटात पाहिजे, तुमच्यासारखी कटिंगपासून पॅकिंगपर्यंत करून देणारी बाई त्याला रस्त्यावर भेटत नाही. तेव्हा मागायची वेळ हीच आहे, एप्रिल-मेमध्ये माल अंगावर घेऊन बसल्यावर नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, गिऱ्हाईक नसताना. मिस्टर बरोबर असू देत पण बोलायचं तुम्ही. आणि बोलायचं एवढंच की, "शेठ, मागच्या सीझनचे 62 हजार बाकी आहेत, माल दिल्याची चलनं आणलीत. नवीन कापड उचलायच्या आधी निम्मे द्या आणि उरलेल्याच्या तारखा लिहून द्या." एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसणं जास्त अवघड असतं, आपल्याला सवय असते की समोरचा बोलायच्या आत आपणच "नाही म्हणजे जमेल तसं द्या हो" म्हणून टाकायचं. ते वाक्य गिळून टाका, तारीख मिळेपर्यंत तिथून उठू नका.

चलनं आहेत ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही, मला तीच काळजी वाटते. माल दिल्याची कच्ची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, दुकानदाराच्या हातचं काहीही असेल ते एका फाइलमध्ये लावा. काहीच नसेल तर आधी मिस्टरांच्या फोनवरून साधा मेसेज टाका की अमुक तारखेपर्यंत इतका माल दिला, इतके आले, 62 हजार बाकी, बरोबर आहे ना. त्याचं "हो" आलं की तो कागदच झाला.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय. बिलबुक मिस्टरांच्या नावावर आहे, दुकानाचे पैसे मिस्टरांच्या खात्यात येतात, ओव्हरलॉकची पावतीसुद्धा त्यांच्याच नावाची. का, तर "घरात कर्ता पुरुष असताना बाईचं नाव बरं दिसत नाही". ताई, मिस्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पत्रावरून तर माणूस कष्टाळू आणि सरळ वाटतो. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं काम कमी झालं की त्याच्या पोटात भीती बसते, हातातलं एक दुकान सुटलं तर काय, ही त्यांची भीती खोटी नाही. पण उद्या बँकेत गेलात, सरकारी योजनेत गेलात, शाळेत गेलात, तर कागदावर तुम्ही कोण? कुणीच नाही. नऊ वर्षांचं काम आणि नावावर एक रुपयाचा व्यवहार नाही. हे दुरुस्त करायला भांडावं लागत नाही, मिस्टरांना ते 260 आणि 350 चे आकडे दाखवा आणि म्हणा, आता माझ्या नावानं करूया, तुम्ही बरोबर राहा. माल पोचवायला, कापड बघायला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा मिळणार नाही तुम्हाला.

करायचं काय तर पहिलं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तुमच्या नावानं. आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका, मुलीला सांगा ती फोनवर करून देईल. ते सर्टिफिकेट हातात आलं की त्यावर बँकेत तुमच्या फर्मच्या नावानं करंट खातं उघडायला सोपं जातं. आणि त्याचा अजून एक फायदा आहे जो शिवणाऱ्या बायकांना कुणी सांगतच नाही. 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा म्हणतो की छोट्या उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत, नाहीतर व्याज लागतं आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. वर 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्समध्येही सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच दाखवता येतो, म्हणून हल्ली मोठ्या दुकानदारांचे सीए स्वतःच विचारतात, उद्यम आहे का. मागच्या 62 हजाराला हा कायदा लावून घेणं अवघड जाईल कारण तेव्हा तुमचं रजिस्ट्रेशन नव्हतं, पण पुढचं प्रत्येक बिल उद्यम नंबर टाकूनच गेलं पाहिजे. दुकानदाराला कायद्याची भाषा ऐकवायची गरज नाही, बिलावर नंबर दिसला की त्याला कळतं.

जीएसटीचं तुम्ही घाबरून विचारलंय. फक्त मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकत असाल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. शिलाईची मजुरी त्यात आली की ही मर्यादा 20 लाख होते, तुम्ही त्याच्याही बऱ्याच आत आहात. पण कर्नाटकातली ऑर्डर घेतलीत, विजापूर-गुलबर्गा तुम्हाला जवळच पडतं, तर आधी सीएला विचारा, राज्याबाहेर माल विकायचे नियम वेगळे आहेत.

शाळेच्या ऑर्डरकडं येऊ. माझं मत स्पष्ट आहे, घ्या, पण 600 च्या 600 पूर्ण युनिफॉर्म एका झटक्यात अंगावर घेऊ नका. 600 शर्ट म्हणजे तुमच्या वेगानं 20 दिवस, आणि खालची हाफपँट-स्कर्ट धरली तर चेन, प्लेट, बेल्ट यात शर्टापेक्षा वेळ जास्तच जातो. म्हणजे एकूण दीड-दोन महिन्यांचं काम. फेब्रुवारीत सुरू केलं तर मार्च संपता संपता मोकळ्या व्हाल आणि मग दुकानाचा सीझन, दोन्ही बसतं. तेच शाळेनं एप्रिलमध्ये मापं दिली तर दोन्हीकडं नाव खराब होईल. म्हणून बाईंना सांगा, मापं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाहिजेत, जमत नसेल तर या वर्षी पहिली ते चौथीचंच देते. पोरं जूनपर्यंत वाढतात म्हणून माया (शिलाईच्या आत सोडायचं जास्तीचं कापड) जरा जास्त ठेवा, आणि पहिलीच्या नवीन ॲडमिशन तर जूनमध्येच कळणार, तेवढ्यासाठी कापड बाजूला राखून ठेवा म्हणजे त्याच ताग्यातला रंग मिळेल. एकाच वर्गात दोन छटांचे पांढरे शर्ट दिसले की पालक पहिली तक्रार शिवणारीचीच करतात.

दराचं सांगते. स्वतःची मजुरी दिवसाला 600 लावा, कटिंग, देखरेख, मशीन सगळं तुमच्यावर आहे, त्याच्या खाली लावायची नाही. मग 700 अधिक 240 अधिक 600, झाले 1540, आणि दुरुस्ती-बिघाडाला 110 धरले की 1650. भागिले 30, शर्टामागे 55. ही झाली नुसती शिलाई, याच्या खाली कोटेशन जाता कामा नये. बटणंही तुम्हीच घालणार असाल तर ती वेगळी. पहिलीच्या आणि दहावीच्या शर्टाला एकच दर लावू नका, साइझप्रमाणे तीन-चार टप्पे करा, मोठ्या शर्टाला कापडही जास्त आणि वेळही.

कापडाचं काय करायचं हा प्रश्न राहतोच, आणि बहुतेक बायका इथंच अडकतात. एवढ्या मुलांचं कापड आपल्या पैशानं भरायला गेलात तर लाख-दीड लाख सहज लागतील आणि तुमची रोकड तर आधीच दुकानदाराकडं बसलीये. म्हणून कोटेशन दोन प्रकारांनी द्या, एक, कापड शाळेनं घेऊन द्यायचं आणि तुमची फक्त शिलाई, दुसरा, कापडासकट, पण कापडाचे सगळे पैसे ॲडव्हान्स. ॲडव्हान्स मागायला लाजू नका, शाळा फी ॲडव्हान्सच घेते की. बाई तयार झाल्या नाहीत तर पहिल्या प्रकारावर ठाम राहा. या ऑर्डरसाठी व्याजाचं कर्ज काढून कापड भरणं मला अजिबात मान्य नाही, तुमच्या मिस्टरांची जी भीती आहे ती त्या ठिकाणी बरोबर ठरेल.

कर्ज वाईट नाही पण ते मशीन वाढवायला घ्यायचं, कुणाच्या उधारीचा खड्डा भरायला नाही. तुमच्यासाठी आधी बघण्यासारखी आहे केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना. 2023 मध्ये सुरू झाली, 18 कारागीर धंद्यांना आहे आणि त्यात शिंपीकाम आहे. ट्रेनिंगच्या दिवसांचे 500 रुपये रोज मिळतात, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत, आणि मग 5 टक्के व्याजानं पहिल्यांदा 1 लाखापर्यंत, ते फेडलं की पुढं 2 लाखांपर्यंत कर्ज, तारण नाही. नोंदणी सीएससी केंद्रातून (सरकारी कामांचं कॉमन सर्व्हिस सेंटर) होते, आपल्या भागात आत्ता चालू आहे का ते तिथंच विचारून घ्या. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा, एका कुटुंबातून एकालाच मिळते, तर ते नाव तुमचंच गेलं पाहिजे, आणि आधी मुद्रा लोन काढून ते अजून चालू असलं किंवा थकलं असलं तर यात अडचण येते, म्हणून आधी हे बघा, मुद्रा नंतर. मुद्रामध्ये शिशु गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत बिनतारण मिळतं. अजून दोन-तीन वर्षांनी दहा-बारा मशीनचा विचार आला तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं विचारा, शहरातल्या महिलांना त्यात प्रकल्पाच्या 25 टक्के अनुदान आहे. आत्ता त्याच्या मागं लागू नका.

आठवी शिकल्याचं तुम्ही इतक्या वेळा लिहिलंय म्हणून सांगते. आपल्या माळशिरसच्या पलीकडं, साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड आहे. तिथं चेतना सिन्हा यांच्याबरोबर गावातल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं तर पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका घरी बसल्या नाहीत, शिकायला बसल्या आणि परत अधिकाऱ्यांपुढं जाऊन म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही पण मोजता येतं, कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, आज चालू आहे. तुम्ही तर आठवी आहात, मोजताही येतं आणि वाचताही येतं. मराठी बोलताना अडखळते असं लिहिलंय, सोलापुरात त्याची काय लाज, इथं अर्ध्या बाजारात एका वाक्यात तीन भाषा बोलतात आणि व्यवहार चोख होतो. कापडाच्या बाजारात तुमची तेलुगू उलट कामाला येईल.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोडं रागानं लिहिलंय, तो राग सोडा. बिड्या वळणाऱ्या बाईच्या डोक्याला ताप नव्हता असं थोडंच आहे. हजार बिड्यांचा दर, पानं कमी आली तर कुठून भरायची, खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे कापलेले पैसे, फंडाची नोंद, हे सगळं त्या डोक्यातच ठेवत आल्यात. पूर्व भागातली किती घरं, किती पोरांची शिक्षणं त्याच हिशोबावर उभी राहिलीत. तुम्हाला त्या तापापासून वाचवायचं म्हणून त्या तसं म्हणतायत. एक दिवस जवळ बसून विचारा, पैसे कापले की तुम्ही काय करायचात. मला वाटतं दुकानदाराशी बोलायचं कसं याचा माझ्यापेक्षा चांगला धडा तिथं मिळेल, आणि जमलं तर पीस मोजून वहीत लिहायचं काम त्यांच्याकडंच द्या, त्यांच्या मोजणीत चूक निघणार नाही.

शाळेत जायच्या दिवशी काय बोलू, असं विचारलंत. कोटेशन टाइप करून न्या, दोन शिवलेले शर्ट न्या, एक पहिलीच्या मापाचा आणि एक दहावीच्या. शर्ट उलटा करून शिलाई दाखवा, बगलेतली डबल शिलाई, काज, माया किती ठेवलीये ते. शर्टाबद्दल बोलताना तुम्ही अडखळणार नाही, मला खात्री आहे, कारण ते तुमचं रोजचं आहे. त्यातच दर येऊ द्या. बाई म्हणतील जरा कमी करा, सगळेच म्हणतात. तेव्हा दर कमी न करता काम कमी करा, म्हणजे पॅकिंग नको असेल तर दोन रुपये कमी, नाव-वर्गाची चिठ्ठी नको असेल तर एक रुपया कमी. 55 च्या खाली मात्र उठून यायचं. खरंच उठून यायचं, नवीन काम 40 च्याच दरात घेऊन रात्री अकरापर्यंत बसण्यापेक्षा तो महिना विश्रांती घेतलेली परवडली.

आणि हे शाळेचं जमलं तर पुढच्या वर्षी महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांकडंही बघा. तिथं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मुलामागं दोन गणवेशांचे 600 रुपये येतात. मध्ये एक वर्ष राज्यभर एकच गणवेश करायचा प्रयोग झाला, तो बंद होऊन खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलीये, म्हणजे निर्णय गावातल्या, गल्लीतल्या माणसांच्या हातात आहे. एका गणवेशाला 300 रुपयांत कापड-शिलाई बसवणं तारेवरचं काम आहे, त्यासाठी तुमची वही आत्तापासून नीट पाहिजे.

उद्यमचं उद्याच करून टाका, दुकानदाराकडं या आठवड्यात जा, आणि शाळेचं कोटेशन टाइप करायच्या आधी साइझवार दर मला पाठवा, मी एकदा बघून देते. कापडाचा भाव मात्र कमीत कमी दोन ठिकाणी विचारा, आणि ते विचारायला मिस्टरांना नाही पाठवायचं, तुम्ही जायचं.